जबलवरचं तेल

हारूननं रईसाकडे हिंदीत चहा मागितला. झालं ते एवढंच. मस्कतमधल्या घुब्र्यातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, सकाळी, खाली शाळेच्या बसगाड्या हॉर्न मारत असताना, ती ओट्याशी तांदळाची उकड मळत होती आणि तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला, चौकटीच्या बाहेरच, आणि म्हणाला, "एक चाय मिलेगी?" आवाजात वाकडं असं काही नाही. उलट गोडवाच. पण रईसाची बोटं उकडीत रुतली ती तशीच राहिली आणि वाफेचा चटका बसतोय हे तिला जरा वेळानं कळलं. लग्न झाल्यापासून या माणसानं तिच्याशी हिंदीतून एक अक्षर काढलं नव्हतं. हिंदी ही दाराबाहेरची. मलबारी शिंप्याशी, खालच्या बंगाली वॉचमनशी, गाला भागातल्या वर्कशॉपातल्या पठाण वेल्डरशी बोलायची ती हिंदी. अरबी अर्बाबशी, म्हणजे मालकाशी, आणि गिऱ्हाइकांशी. इंग्रजी पोरीच्या शाळेत मान डोलवण्यापुरती. दार लावून चपला काढल्या की मग "रईसा, चाय दे गो," आणि लगेच नाही आली तर "मेलीस काय गो आत?" असं होतं ते. आता तो अदबीनं उभा होता, पाहुणा आलेला माणूस बसा म्हणायची वाट बघतो तसा. तिनं चहा दिला. त्यानं दोन्ही हातांनी कप घेतला आणि म्हणाला, "शुक्रिया." रईसाला वाटलं, तो कप हिसकावून भिंतीवर आपटावा. तसं तिनं काही केलं नाही. भाकऱ्या थापल्या, भाजल्या, त्यातल्या दोन करपल्या.

विसरायला तो त्याच्या बऱ्याच आधीपासून लागला होता. चाव्या फ्रिजमध्ये, नमाजाची टोपी कपाटातल्या चादरींखाली, मत्रहच्या सूकमध्ये भर बाजारात उभं राहून 'आपण कशाला आलो?' ज्या गालाच्या वर्कशॉपात त्याची उभी हयात पंप आणि गिरण्या बसवण्यात गेली, तिथं एका दुपारी तो एकच नट उलटासुलटा फिरवत बसून राहिला, तेव्हा अर्बाबनं स्वतः गाडीत घालून घरी आणून सोडलं. "खलास, हारून, आता आराम," म्हणाला. भला माणूस, व्हिसाही रद्द केला नाही. हे सगळं रईसानं सोसलं. का, तर अल् खुवैरचा डॉक्टर म्हणाला होता की या आजारात नवं आधी पुसलं जातं, जुनं शेवटपर्यंत टिकतं. एवढं एक वाक्य तिनं पदरात बांधून घेतलं. जाऊ दे नवं. फोन जाऊ दे, रस्ते जाऊ दे, कालचं जेवण जाऊ दे, मेलं काय त्यात ठेवण्यासारखं होतं? मी जुनी आहे. म्हसळ्याच्या घरात जांभळ्या शालूत मान खाली घालून बसलेली मी, ती कुठं जाते? आणि आता तीच आधी गेली. अल्फिया राहिली. आजही पोरगी बँकेतून आली की तो "अल्फे, जेवलीस?" म्हणतो, कोकणीत. अल्फिया तर तिच्या मागून आलेली, तिच्याच पोटातून. हा कुठला न्याय, या अल्ला? रईसाला पोटच्या पोरीचा हेवा वाटला, आणि वाटला म्हणून स्वतःची किळस आली, आणि तरी तो वाटायचा थांबला नाही.

त्या चहानंतर हारून फार सभ्य झाला. हेच तिला सहन होईना. न्हाणीघराच्या दारावर टकटक करून "कोई है?" विचारायचा. दुपारी तिनं अंग टाकलं की खोलीतून उठून बाहेरच्या सोफ्यावर जाऊन बसायचा. जेवताना मान हलवून "बहुत अच्छा बना है" म्हणायचा. हा माणूस, ज्यानं आमटीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं होतं! चष्मा सापडला नाही की सगळ्या घराला फैलावर घेणारा! रईसानं एक दिवस मुद्दाम त्याचा चष्मा पिठाच्या डब्यामागे लपवला आणि वाट बघत बसली. ओरड. एकदा तरी खेकस माझ्यावर. तो डोळे बारीक करून खिडकीतून बघत राहिला, चष्म्याचं नावही काढलं नाही. मग तिनं माशाच्या कालवणात मूठभर मीठ घातलं. तो सगळं जेवला, पाणी प्याला, पुन्हा पाणी प्याला, आणि "शुक्रिया" म्हणून ताट उचलून मोरीत ठेवून आला. त्या दिवशी रईसा गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला बसून ढसाढसा रडली. भांडायला तरी कुणी ओळखीचं लागतं.

कधीकाळी तिनं त्याच्याशिवाय दिवस काढले नव्हते काय? चार वर्षं काढली. तो इकडे, ती बाणकोटला त्याच्या आईजवळ. तेव्हा तो कॅसेट पाठवायचा. ओटीवर सगळे जमायचे, सासू, जावा, शेजारच्या बायका, टेपरेकॉर्डर मधोमध, आणि त्यातून हारूनचा आवाज सगळ्यांचे सलाम घ्यायचा, कुणाला काय पाठवलंय ते सांगायचा. बायकोचं नाव कुठंच नाही. कसं घेणार, एवढ्या लोकांत? पण सगळ्यांचं सांगून झालं की तो टेप बंद करायचा नाही. नुसता श्वास ऐकू यायचा, कुठंतरी एसीची घरघर, बराच वेळ. लोक म्हणायचे संपली कॅसेट, आणि उठायचे. रईसा भांडी आवरायच्या निमित्तानं बसून राहायची. ते तिचं होतं. तेवढ्यावर ती महिना महिना जगली. आता तो हाताच्या अंतरावर असतो आणि त्याचा श्वासही परका वाटतो, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा वाटावा तसा.

मग तो व्हिडिओ आला. शुक्रवार होता, जेवणं झाली होती, अल्फिया फोनवर काहीबाही बघत होती. जबलवर, म्हणजे जबल अख्दरच्या माथ्यावर, एका गावानं जुन्या घरात म्युझियम उघडलं होतं. पूर्वी तिथं ऑलिव्हचं तेल कसं काढायचे त्याचं. दगडी घाणा, खजुरीच्या पानांच्या चटया, लाकडाचा मोठा दाब. हारून पोरीच्या खांद्यावरून वाकला आणि कोकणीत म्हणाला, "हे घर मी बघितलंय. त्येच्या मागं तुतीचं झाड हाय." रईसाच्या हातातली बशी तशीच राहिली. कारण झाड होतं. तिनंही ते बघितलं होतं. ती मस्कतला आली त्या पहिल्याच हिवाळ्यात कंपनीनं त्याला त्या गावात तेल काढायचं स्टीलचं मशीन बसवायला पाठवलं होतं, आणि नव्यानं आलेली बायको एकटी फ्लॅटमध्ये रडेल म्हणून तो तिलाही पिकअपमध्ये बसवून घेऊन गेला होता. त्या गावचा एक दिवस. तिथं ती बावीस वर्षांची होती.

"आपण जाऊ या तिथं," रईसा म्हणाली.

"मम्मी, तो रस्ता किती डेंजरस आहे. फोर-व्हील लागते. आणि अब्बांना त्रास झाला तर?" अल्फियानं आवाज खाली केला. "तुला खरंच वाटतं, त्यानं हेल्प होईल?"

"मला काही वाटत नाही. तू गाडी बघ."

वाटत कसं नव्हतं! त्या दिवसापासून तिला दुसरं काही वाटतच नव्हतं. तिनं सगळं मनाशी जुळवून ठेवलं होतं. डॉक्टर खोटं बोलला नव्हता, जुनं टिकतंच. टिकलेली आहे ती तेव्हाची रईसा, सडपातळ, कमरेपर्यंत केसांची. ही कोण, गुडघ्यांवर हात ठेवून उठणारी, मेंदी लावून लाल झालेल्या विरळ केसांची? या बाईला त्यानं का म्हणून ओळखावं? पण त्या घरात, त्या घाण्यासमोर दोघी एका जागी आल्या तर त्याच्या डोक्यात एकीवर दुसरी बसेल. नुसती एकदा बसली पाहिजे. मग परत विसरला तरी चालेल, असं ती स्वतःला सांगायची, आणि तेही खोटं होतं.

अल्फियानं ऑफिसातल्या मैत्रिणीची जीप मागून आणली. पायथ्याच्या चौकीवर पोलिसानं गाडी बघून हात केला आणि चढ सुरू झाला. हारून पुढे बसला होता, मागे रईसा. तिला फक्त त्याची मान दिसत होती, दाढी करताना राहिलेले दोन पांढरे केस. त्या वेळी हा रस्ता असा नव्हता, कच्चा होता, आणि उतरताना हारूननं पिकअप इतकी हळू आणली होती की मागून येणारे हॉर्न वाजवून वाजवून थकले. ती त्याला कितीतरी वर्षं चिडवायची त्यावरून. मोठा आला दर्यावर्दी बाणकोटचा, डोंगर उतरताना धोतर सुटलं! तो नुसता हसायचा. आता वळणावळणावर हवा थंड होत गेली, डाळिंबाच्या उघड्या फांद्या दिसल्या, खाली दरीत पायऱ्यापायऱ्यांची शेतं. रईसानं काचेवर कपाळ टेकलं आणि जेवढ्या दुआ येत होत्या तेवढ्या एकापाठोपाठ एक म्हटल्या. तिला त्या भीक मागितल्यासारख्या वाटल्या. वाटू देत.

गावात गाडी आतपर्यंत जात नव्हती. अल्फियानं दोघांना वरच्या पारापाशी उतरवलं, तेवढ्यात तिचा फोन वाजला, बँकेतून. "तुम्ही व्हा पुढे, मी पार्क करून आलेच," ती म्हणाली. दगडी पायऱ्या उतरताना हारून थांबला आणि रईसाकडे वळून म्हणाला, "संभलके." हात पुढे केला नाही. शर्टाची बाही ओढून मनगटावर घेतली आणि तेवढी बाही तिच्यापुढे धरली, धरायला. तिनं ती धरली.

दारात अहमद उभा होता, म्युझियम सांभाळणारा, पन्नाशीचा, स्वच्छ पांढरी पायघोळ दिशदाशा, डोक्याला मसरचा रुमाल गुंडाळलेला. "तफद्दल, तफद्दल," म्हणत त्यानं आत बसवलं, आधी खजूर, मग कहवा, मग बाकीचं. आत अंधारं आणि गार होतं. छताला खजुरीची खोडं, भिंती धुरानं काळ्या. मधोमध तो घाणा, दगडाची परात आणि तिच्यात उभं जातं, त्याला आडवा वासा, ज्याला गाढव जुंपायचे. कोपऱ्यात चटया एकावर एक रचलेल्या आणि त्यांच्यावर दाबाचं लाकूड. खाली तेल-पाणी गोळा करायची दगडी डोणी, कोरडी, कुणीतरी झाडून पुसून ठेवलेली. त्या दिवशी ती भरलेली होती. रईसाला आठवलं, वर हिरवं तेल आणि खाली काळं पाणी, आणि या घरचीच कुणी म्हातारी तळहातानं वरचं तेल अलगद उचलून भांड्यात सोडत होती. आता भिंतीवर दिवे होते आणि इंग्रजी-अरबी पाट्या. एका मेजावर ताटलीत तेल आणि शेजारी रोटीचे तुकडे, आल्यागेल्यानं चव बघावी म्हणून.

हारूननं त्या आडव्या वाशावर हात ठेवला. आणि बोलायला लागला. अरबीत, घडाघडा, गिऱ्हाइकाशी बोलायचा तसा, छाती पुढे काढून. इथं गाढव जुंपलेलं होतं, त्याच्या डोळ्यांना फडकं, मधूनच थांबायचं आणि कितीही यल्ला यल्ला केलं तरी हलायचं नाही. मशीन त्या पलीकडच्या पडवीत बसवलं, वीज पुरेना म्हणून जनरेटर मागवावा लागला. अहमद आधी ऐकून घेत होता, मग त्याचे डोळे मोठे झाले. "मशीन बसवणारा हिंदुस्थानी तू? मी तेव्हा शाळेत होतो! माझी आजी तुझ्या मशीनला शिव्या द्यायची, म्हणायची तेलाला लोखंडाचा वास येतो." दोघं हसले. हारून हसला! रईसानं कहव्याची वाटी खाली ठेवली. चल, पुढे चल. एवढं आठवलं, आता मी आहे तिथं. तुझ्या डाव्या हाताला, त्या खांबापाशी उभी होते. बघ ना.

"माझी बायको होती बरोबर," हारून म्हणाला.

रईसा उठून उभी राहिली. इतक्या वर्षांत शेजारपाजारच्या ओमानी बायकांत ऊठबस करून तिला अरबी सगळं कळत होतं, एक शब्द सुटत नव्हता.

"नवीन आली होती. सगळ्याला हात लावून बघायची. त्या डोणीत तिनं कोपरापर्यंत हात घातला, तुझी आजी ओरडेल असं वाटलं, तर ती हसायलाच लागली. आत बायकांच्या खोलीत घेऊन गेली तिला. ओढणी काढून कोमट तेल जिरवलं तिच्या डोक्यात, पोरीसारखं." तो थांबला. असल्या गोष्टी परक्या माणसाला सांगायच्या नसतात, हे त्याला पूर्वी कळायचं. अहमदनं नजर वळवली, रईसा लाजली, आणि तिला वाटलं, सांग, अजून सांग, अख्ख्या गावाला सांग. "उतरताना सगळ्या गाडीत तो वास होता. मी इतकी हळू चालवली, इतकी हळू. ती मला भित्रा म्हणायची. मी भ्यालो नव्हतो. रस्ता संपू नये म्हणून."

रईसाला हे माहीत नव्हतं. एवढा संसार झाला, एवढी चिडवाचिडवी झाली, आणि हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. आता सांगितलं ते अहमदला. पण आता रडायची वेळ नव्हती. आता तो वळणार होता. त्याचा चेहरा मऊ झाला होता, ओठ तसेच, कॅसेट लावून ठेवून श्वास घेताना असतील तसे. तिनं नकळत ओढणी सारखी केली आणि थोडी पुढे झाली, दिव्याच्या उजेडात.

"आणि ह्याच का त्या?" अहमदनं हसत विचारलं.

हारूननं तिच्याकडे बघितलं. नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत, आठवून बघतोय असं. मग तो हसला, समजूतदारपणे.

"नाही, नाही. ही आमच्याकडची शग्गाला. घरातलं सगळं हीच बघते. बिचारी फार करते माझं." आणि अहमदच्या कानाशी वाकून, "बायको घरी वाट बघत असेल. तिच्यासाठी थोडं तेल देशील? तिला आवडतं."

शग्गाला म्हणजे मोलकरीण. मस्कतमध्ये हे शेंबड्या पोरालाही कळतं. अहमदला काय कळायचं ते कळलं, तो रिकामी वाटी उचलून उगाच पुसत बसला. रईसाला राग आला नाही. खरंच तर होतं. धुणं, भांडी, औषधं, बटणं लावणं, आंघोळीला पाणी सोडणं, सगळं हीच बघते. पण ती घरी वाट बघणारी! ती कोण बया, कुठल्या घरी? तिच्यासाठी तेल मागतो आणि मी इथं समोर उभी? रईसाला त्या बावीस वर्षांच्या पोरीचा असा संताप आला की समोर असती तर झिंज्या धरल्या असत्या तिच्या. मी तुझ्यासाठी रडले, तुझ्यासाठी दुआ मागितल्या, मीठ कालवलं, चष्मे लपवले, आणि तू सगळा माणूसच घेऊन बसलीस.

"आवो," ती म्हणाली. आवाज फुटला. तो इकडेतिकडे बघायला लागला, कुणाला हाक मारली म्हणून. तेव्हा तिनं जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. नवऱ्याचं नाव घेतलं. "हारून! इकडं बघ. मी हाय. मी रईसा हाय."

तिनं ओढणीची पिन उपटली. ओढणी खांद्यावरून घसरली, जमिनीवर पडली. परका पुरुष समोर होता, दिवसाउजेडी दार सताड उघडं होतं, तिला कशाचंही भान उरलं नाही. तिनं मेजावरची ताटली ओढली, दोन्ही तळवे तेलात बुडवले आणि डोक्यावर चोळले. कपाळावरून ओघळ आले, डोळ्यांत गेले, झोंबले. अंबाडा सोडला, विरळ लाल केस पाठीवर पडले, ते तिनं पुढे घेतले आणि त्याच्यापुढे धरले, हातावर, वजन करायला द्यावेत तसे. "वास घे. हेच ना? बघ की रे. वास तरी घे!"

हारूननं बघितलं नाही. केस दिसले त्याच क्षणी त्याची मान खाली गेली होती. अहमद भिंतीकडे वळला होता, आणि त्याच्याच शेजारी, त्याच्यासारखाच, हारूनही भिंतीकडे वळून उभा राहिला. परकी बाई बोडक्या डोक्यानं समोर आली की भला माणूस जसा उभा राहतो तसा. "अस्तग्फिरुल्ला," तो अल्लाची माफी मागत पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते. कधी कुठल्या बाईकडे त्यानं वर नजर करून बघितलं नव्हतं, बाणकोटला सगळे सांगायचे, म्हसळ्याला स्थळ आलं तेव्हा तिच्या बापानं याच गोष्टीवर होकार दिला होता. रईसा केस हातात धरून तशीच थांबली. तेल मनगटावरून कोपरापर्यंत उतरत होतं. वर पायऱ्यांवर अल्फियाच्या चपलांचा आवाज आला, "मम्मी, कुठं आहात तुम्ही लोक?"

हारून पाठमोराच खाली वाकला. चाचपत चाचपत त्यानं ओढणी शोधली, झटकली, आणि तोंड भिंतीकडेच ठेवून हात मागे करून तिच्याकडे धरली.

रईसानं ती घेतली. केस मागे सारून गाठ मारली, ओढणी डोक्यावरून घेतली, कानांवरून ओढली, हनुवटीखाली पिन लावली. परक्या माणसासमोर घेतात तशी, एकही केस दिसणार नाही अशी.